खिडकीचा जन्मदाखला

आमच्याकडे घर विकतात असं कोणी म्हणत नाही. ‘त्या घराचं काहीतरी करून टाकूया’ असं म्हणतात. या वाक्यात कर्ता नाही, किंमत नाही आणि मुदत तर मुळीच नाही, म्हणून ते गणपतीत सगळ्या भाऊबंदांसमोर बोलता येतं. मालवणहून आचऱ्याकडे जाताना चिऱ्याची, मंगलोरी कौलांची, कुलूप लावलेली जी घरं दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचं गेली वीस-पंचवीस वर्षं असं काहीतरी करून टाकणं चालू आहे. कधी कधी घरच कंटाळून पुढाकार घेतं आणि मागची पडवी पाडून टाकतं.

आमच्या आचऱ्याच्या घराला मात्र खरोखरचं गिऱ्हाईक आलं. कोल्हापूरकडचं जोडपं, निवृत्तीला टेकलेलं. त्यांना इथे पर्यटकांची न्याहारी आणि निवास अशी सोय काढायची होती. घर त्यांना आवडलं, विहीर आवडली, आत्याच्या हातची सोलकढी तर इतकी आवडली की ती घराबरोबर येते का अशी चौकशी झाली. (आत्या मुलाकडे कुडाळला जाणार होती. सोलकढी तिच्याबरोबर जाणार होती.) पैसे थोडे त्यांचे आणि बाकीचे बँकेचे. आणि जिथे बँक येते तिथे बँकेच्या पॅनेलवरचे वकील येतात.

सातबाऱ्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. मेलेल्यांची नावं, ‘इतर हक्क’ या रकान्यात दबा धरून बसलेलं कूळ, एका गुंठ्यात अर्ध्या लालबागचा हिस्सा, हे ज्याच्या त्याच्या घरात आहे आणि त्यावरचे विनोदही आता वारसाहक्काने वाटून झाले आहेत. एवढंच सांगतो की २०२४ साली सरकारने तलाठ्याचं नाव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. आमच्या उताऱ्यावरची नावं बदलायला याहून जास्त वेळ लागला. पण थोरल्या काकांनी निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य त्यात घातलं होतं. वारसनोंदी झाल्या, फेरफार मंजूर झाले, हक्कसोडपत्रं नोंदली गेली, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आला. फाइल एवढी जाड झाली की ती बगलेत मारून चालणारे काका एका बाजूला कलायला लागले. ‘आता काढ म्हणावं चूक,’ असं ते दिवंगत होण्याच्या आदल्या गणपतीत म्हणाले होते.

वकीलसाहेबांनी तीन आठवडे फाइल वाचली. तीस वर्षांचा शोध घेतला. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, तिच्यावर कोणी हरकत घेतली नाही, याचं आम्हालाच वाईट वाटलं. इतके भाऊबंद असून एकालाही वर्तमानपत्र वाचता येऊ नये? मग त्यांनी आम्हाला बोलावलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं,

“खिडक्या कधी बदलल्या?”

प्रश्न बरोबर होता, हीच त्यातली अडचण. फाइलच्या तळाशी १९६८ सालचं वाटपपत्र होतं. ते ज्याने लिहिलं त्या गृहस्थाला शब्दामागे पैसे मिळत असावेत. आजोबांच्या वाट्याला आलेल्या घराचं त्याने असं वर्णन केलं होतं, की वाचणाऱ्याने पाय धुऊनच आत यावं: जांभ्या दगडाचे, कौलारू, ओटी, पडवी, माजघर, आणि फणसाच्या लाकडाच्या, लोखंडी गजांच्या खिडक्या सहा, पैकी पूर्वेस दोन. आणि बँकेच्या मूल्यमापनकाराने मोबाइलवर काढलेल्या फोटोंत होत्या सात खिडक्या. सगळ्या अॅल्युमिनियमच्या, सरकत्या, निळसर काचेच्या. कागदावर सहा, जागेवर सात. कागदावर फणस, जागेवर धातू. वकीलसाहेबांना वेगळीच शंका होती: हे घर तेच कशावरून?

आता, जुन्या खिडक्यांचं म्हणाल तर त्या लहानच होत्या. आमच्याकडे पाऊस वरून येत नाही, समुद्राकडून आडवा येतो. तेव्हा खिडकी ही वारा आत घेण्यापेक्षा पाऊस बाहेर ठेवण्याची सोय. काच नव्हतीच, लाकडी झडपा. गोव्याच्या बाजूच्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या असतात, तेवढी ऐट आमच्या आजोबांना परवडली नाही. त्यांनी परसातला फणस पाडला आणि सुताराला ओटीवर बसवलं. वकीलसाहेबांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “फणस? तोड परवानगी होती?”

महाराष्ट्रात झाडतोडीचं नियमन करणारा कायदा १९६४ चा. आपल्या जमिनीतलं झाड असलं तरी आंबा, फणस, साग, आईन, किंजळ असली झाडं तोडायला परवानगी लागते. वाटपपत्र १९६८ चं. म्हणजे फणस १९६४ च्या आधी पडला की नंतर, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर ज्यांना ठाऊक होतं ते सुतार, आजोबा आणि फणस तिघेही हयात नव्हते. आत्या तेव्हा लहान होती. तिला एवढंच आठवतं, की झाड तोडण्याआधी आजोबांनी बुंध्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. परवानगी मागितली नव्हती असं म्हणता येत नाही. पोच तेवढी मिळाली नव्हती.

साठ वर्षांपूर्वीच्या फणसाचा नाद वकीलसाहेबांनी सोडला, ते शेवटी माणूस होते. पण अॅल्युमिनियम सोडायला तयार होईनात.

अॅल्युमिनियमची हकिगत मे २०२१ ची. १६ तारखेला तौक्ते वादळ किनाऱ्याच्या अंगाअंगाने वर गेलं आणि देवगड, मालवण, वेंगुर्ला या तिन्ही तालुक्यांचं काय करायचं ते करून दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातेत उतरलं. आमच्या घरावर माड पडला. माड पडताना एकटा पडत नाही, विजेच्या तारा सोबत घेतो. कौलं गेली, पूर्वेच्या भिंतीचा वरचा कोपरा गेला, आणि गज आधीच खाऱ्या हवेने कुरतडलेल्या त्या सहा खिडक्यांतल्या चार आत येऊन पडल्या. मग पंचनामा झाला. घराचे अंशतः नुकसान, कौले फुटली, खिडक्या तुटल्या. सही, शिक्का.

हा पंचनामा आम्ही मोठ्या अभिमानाने वकीलसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “म्हणजे सरकारी कागदपत्रांत तुमच्या खिडक्यांचा हा एकमेव उल्लेख. आणि यात त्या नाहीत.”

खरंच होतं. तुटल्याची नोंद होती, बसवल्याची नव्हती. सरकारदरबारी २०२१ पासून आमच्या घराला खिडकीच नव्हती आणि आत्या गेली काही वर्षं त्या नसलेल्या खिडकीत बसून तांदूळ निवडत होती.

बसवणारा गडी कणकवलीहून आला होता. वादळानंतरच्या त्या दिवसांत खिडकीवाल्याला जो मान होता तो एरवी फक्त गणपतीच्या मूर्तिकाराला मिळतो. त्याने मापं घेतली, भाव सांगितला आणि थोरल्या काकांनी सवयीने बिल मागितलं तेव्हा म्हणाला, “बिल होया तर अठरा टक्के जास्त. नको तर उद्यापासून काम सुरू करतंय.” पावसाळा तीन आठवड्यांवर. दिवंगत काकांच्या तोंडून त्यांच्या आयुष्यात प्रथमच ‘कागद नको’ असे शब्द निघाले. पडलेल्या कोपऱ्याकडे बघून तो गडी आपणहून म्हणाला, “हय एक खिडकी बसवूया, वारो येतलो.” ती सातवी. वारा आला. त्याच्याबरोबर पुढचं सगळं आलं.

पण कागद अगदीच नव्हता असं नाही. आमच्या भागात सरकारी दप्तराच्या वर एक दप्तर असतं, ते म्हणजे कालनिर्णय. १९७३ पासून ते निघतं आणि ते काढणारे जयंतराव साळगावकर मूळ मालवणचे, याचा आमच्याकडे प्रत्येक भिंतीला अभिमान आहे. दुधाचा रतीब, सिलिंडर, गाय कधी फळली, कोणाकडून किती काजू आले, कोण कोणाकडे किती वाजता भांडायला गेलं, सगळं त्या चौकोनांत. २०२१ चं कालनिर्णय भिंतीवर अर्थातच नव्हतं. आत्या जुनी कॅलेंडरं फडताळात अंथरते. जून २०२१ लोणच्याच्या बरणीखाली सापडला. ५ तारखेच्या चौकोनात काकांच्या अक्षरात ‘खिडकीवाला, उचल’ आणि एक आकडा, त्यातलं शेवटचं शून्य खाराने नेलेलं.

वकीलसाहेबांनी त्या पानाचा वास घेतला आणि ते फाइलला न लावण्याचा निर्णय दिला. त्याऐवजी त्यांनी सांगितलं, ग्रामपंचायतीकडून खिडक्यांच्या परवानगीचा दाखला आणा.

ग्रामपंचायतीत जे साहेब बसतात त्यांचंही नाव २०२४ साली बदललं. पूर्वी ग्रामसेवक होते, आता ग्रामपंचायत अधिकारी आहेत. माणूस सज्जन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरं ते सांगितलं: खिडकीला परवानगी लागतच नाही. नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही हेच आहे. इतर कुठला नियम मोडत नसेल तर दार, खिडकी, झरोका पाडणं किंवा बुजवणं, शाकारणी, गिलावा, रंग, यांना परवाना नको. म्हणजे अख्ख्या घरात कागद न लागणारी जी मोजकी कामं देशातल्या शहाण्या लोकांनी बसून ठरवली, त्यांत खिडकीचा नंबर पहिला.

“मग परवानगी लागत नाही एवढाच दाखला द्या,” मी म्हटलं.

“तसा दाखला देण्याची तरतूद नाही.”

“का नाही?”

“कारण परवानगी लागत नाही.”

हे संभाषण आणखी बराच वेळ चालू शकलं असतं. पण बाहेर बाकावर आत्या बसली होती, ती आत आली आणि साहेबांना म्हणाली, “अरे बाबा, खिडकेक जल्माचो दाखलो खयसून आणू मी? सुईण पण मेली.” साहेब हसले, चहा मागवला. चहा आला तो ग्लासात. त्याचीही पावती मिळाली नाही.

याच दिवसांत पुतणीचा इंग्लंडहून फोन आला. ती रेडिंगला राहते आणि तीही घर विकत होती, आणि (इथे मी खुर्चीवर नीट बसलो) तिचाही व्यवहार खिडक्यांवर अडला होता. तिकडे इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २००२ पासून बदललेल्या खिडक्या बांधकाम नियमांखाली येतात. एक एप्रिल या तारखेवर दोन्ही देशांचं प्रेम दिसतं. आमच्याकडची कुळं १ एप्रिल १९५७ ला मालक झाली, तो कृषकदिन. तर तिकडे खिडकी बसवणारा फेन्सा नावाच्या यंत्रणेत नोंदलेला असला तर तोच प्रमाणपत्र देतो, नसला तर नगरपालिकेचा माणूस येऊन बघून देतो. काचेतून उष्णता किती बाहेर जाते, काच फुटली तर माणूस चिरतो का, हे सगळं त्यात बघितलेलं असतं. आमच्याकडे उष्णता बाहेर जावी म्हणून खिडकी करतात, हे तिने तिथल्या वकिलाला सांगून पाहिलं.

तिच्या घराच्या खिडक्या आधीच्या मालकाने बदललेल्या. प्रमाणपत्र नाही. मग काय करतात? विमा काढतात. थोडेसे पैसे एकदाच भरायचे. पुढे कधी पालिकेने खिडक्यांवरून कारवाई केली तर खर्च विमा कंपनी देते. हे मी आत्याला समजावून सांगायला घेतलं.

“खिडकी पडात म्हणान विमो?”

“नाही. खिडकीबद्दल कोणी विचारील म्हणून.”

“कोण इचारीत?”

“बहुतेक कोणीच नाही.”

आत्याने हातातलं सूप खाली ठेवलं. मी पुढची अट सांगितली: विमा काढायचा असेल तर पालिकेकडे आधी जाऊन चौकशी करायची नाही. केलीत तर बहुतेक कंपन्या विमा देत नाहीत, कारण मग कोणीतरी विचारलं असं होतं. आत्याच्या चेहऱ्यावर इंग्रजांबद्दल प्रथमच आपुलकी दिसली. “मगे ह्या आमच्यासारख्याच झाला,” ती म्हणाली. आमच्या गावातली सगळी घरं याच तत्त्वावर उभी आहेत, फक्त हप्ता कोणी भरत नाही.

मी वकीलसाहेबांना हा विमा सुचवला. असली पॉलिसी आपल्याकडे नसते, असं ते म्हणाले, पण कल्पना त्यांना आवडली असावी, कारण त्यांनी लगेच एका प्रतिज्ञापत्राचा मसुदा काढला. खिडक्या आम्हीच बसवल्या, आमच्या पैशाने बसवल्या, कोणाची हरकत नाही, आणि पुढेमागे काही निघाल्यास आम्ही जबाबदार. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पपेपरची कामं पाचशेच्या स्टॅम्पवर करायची झाली, वर नोटरी. वादळात गेलेल्या चार खिडक्यांची भरपाई म्हणून सरकारकडून काय आलं होतं ते सांगत नाही, पण स्टॅम्प आणि रिक्षा त्यात कशीबशी बसली.

‘कोणाची हरकत नाही’ हे वाक्य मात्र वकीलसाहेबांनी पूर्वेच्या शेजाऱ्याला वाचून दाखवायला सांगितलं. पूर्वेचा शेजारी म्हणजे माझा चुलतभाऊ, भाई.

भाईंचा मांगर आमच्या पूर्वेच्या भिंतीपासून दोन हात. सातवी खिडकी त्याच्यावरच उघडते. पाच वर्षं भाईंनी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, उलट आत्या त्याच खिडकीतून त्यांना आंबोळ्या देत असे. पण प्रतिज्ञापत्र ऐकल्यावर ते गंभीर झाले. कागदावर लिहिलेलं काही ऐकलं की आमच्याकडे माणूस आपोआप प्रतिवादी होतो. “हरकत नाय असा मी कधी म्हटलंय?” ते म्हणाले.

वकीलसाहेबांना इथे खरा सूर सापडला. १८८२ चा सुविधाधिकार कायदा, १८९१ पासून मुंबई इलाख्यात लागू. खिडकीतून वीस वर्षं हक्काने, शांतपणे, खंड न पडता उजेड आणि वारा येत असेल तर तो हक्क पक्का होतो. शेजाऱ्याला पुढे भिंत घालून तो बुजवता येत नाही. जुन्या दोन खिडक्यांना ही वीस वर्षं कधीच झाली. सातवीला पाच. म्हणजे अजून पंधरा वर्षं भाई मनात येईल तेव्हा आपल्या हद्दीत चिऱ्याची भिंत घालू शकतात. हे वाक्य त्यांनी भाईंसमोर उच्चारायला नको होतं.

“जुन्या खिडक्यांच्या उपभोगात मध्ये खंड पडला होता का?” त्यांनी मला विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच भाई म्हणाले, “पडलो तर! गावपळणीक.”

वकीलसाहेब कणकवलीच्या पलीकडचे, त्यांना समजावून सांगावं लागलं. आचऱ्यात दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस नि तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. शिवाराच्या पलीकडे झोपड्या घालतात, गाणीबजावणी होतात, आणि पुन्हा कौल झाल्यावरच परततात. त्या दिवसांत घरात कोणी नसतं. खिडक्या असतात, उपभोग नसतो.

“तो खंड धरत नाहीत,” वकीलसाहेब म्हणाले. “दुसऱ्याने अडथळा आणायला हवा आणि तो तुम्ही वर्षभर सोसायला हवा.”

“देवान आणल्यान तर?” भाईंनी विचारलं.

यावर उच्च न्यायालयाचा निकाल असल्यास बघतो, असं सांगून वकीलसाहेबांनी चष्मा खिशात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंच्या खळ्यात टेम्पोभर चिरे उतरले. कशाला, म्हणून विचारलं तर “आसूंदेत” एवढंच म्हणाले. चिरे अगदी सातव्या खिडकीच्या उंचीइतके रचून ठेवले होते. भिंत नव्हती. नुसते रचलेले होते. कायद्याचा अभ्यास आमच्याकडे फार लवकर होतो.

सुटका झाली ती कोल्हापूरच्या बाईंमुळे. त्या शनिवारी पुन्हा घर बघायला आल्या, सोबत एक तरुण वास्तुविशारद. त्याने एक बोट लावून खिडकी सरकवली; ती अर्ध्यात अडकली, कारण खाचेत पाच वर्षांची वाळू होती. “ह्या सगळ्या काढायच्या आहेत,” तो म्हणाला. “लोक इथे कोकण बघायला येणार. जुन्या लाकडी खिडक्या होत्या ना? त्या कुठे आहेत?”

आम्ही वकीलसाहेबांना तिथूनच फोन लावला. त्यांचा आवाज पंधरा वर्षांनी लहान झाला. अॅल्युमिनियम काढा, सातवी बुजवा, फणसाच्या सहा जागच्या जागी बसवा: वाटपपत्र आणि घर अक्षरशः जुळेल. प्रतिज्ञापत्र नको, दाखला नको, बँक खूश. बुजवायला परवानगीही लागत नाही. बुजवायला चिरे तर दारात आलेच होते.

राहिला प्रश्न खिडक्यांचा. वादळानंतर त्या सहाही परसात पडून होत्या आणि ‘वाळवी लागतली’ म्हणून भाईंनी उचलून नेल्या होत्या, हे आत्याला आठवलं. सगळे मांगराकडे गेलो. दोन खिडक्यांचं दार झालं होतं, तिसरी सुक्या बांगड्यांवर जाळी म्हणून आडवी होती आणि उरलेल्या तिघींचं कोंबड्यांसाठी खुराडं झालं होतं, गजांमुळे फारच सुरेख. फणसाचं लाकूड साठ वर्षांनंतरही पिवळंधमक. वास्तुविशारदाने त्याच्यावरून हात फिरवला आणि बाईंकडे बघून ‘वा’ म्हणाला. हे ‘वा’ त्याने मनात म्हणायला हवं होतं. पुण्या-मुंबईकडे जुन्या दारा-खिडक्यांना काय भाव येतो हे भाईंना मोबाइलवर कधीच कळलेलं होतं.

भाईंनी कोंबड्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एक आकडा सांगितला. नव्या सात खिडक्यांना जेवढे पडले होते त्याच्या जरासा वर.

“ठीक आहे,” कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या. “पण बँकेला दाखवायला पावती लागेल.”

भाईंनी खुराड्याची कडी लावली.

“पावती होयी तर अठरा टक्के जास्त.”